हॅम्लेटच्या बापाचं भूत आणि पेपरची काच

'काचेची युक्ती हाताशी असताना हॅम्लेटमधलं भूत साध्या नटाकडूनच का करवत राहिले?' या प्रश्नाला जोडून थोडं.

विज्ञानावर व्याख्यानं देणाऱ्या जॉन हेन्री पेपरने 1862च्या डिसेंबरात लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक या संस्थेत ही युक्ती दाखवली: काचेतलं नटाचं प्रतिबिंब प्रेक्षकांना मंचावरचं भूत वाटतं. मूळ कल्पना हेन्री डर्क्स या इंजिनिअरची. रंगमंचाच्या पुढच्या कडेला मोठी काच प्रेक्षकांकडे झुकवून बसवायची. तिच्यासमोर, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यात भुताचा नट आणि त्याच्यावर लाइमलाइटचा, म्हणजे चुना तापवून मिळणाऱ्या प्रखर उजेडाचा झोत. खड्डा काळ्या कापडाने मढवलेला हवा, नाहीतर त्याच्या भिंतीही काचेत दिसतात. झोत हळूहळू झाकला की भूत विरतं.

अडचण कोनाची. काच उभ्या रेषेपासून जितकी झुकलेली, त्याच्या दुप्पट कोनात नटाने कललेलं असावं लागतं, तरच प्रतिबिंब ताठ दिसतं. म्हणजे तो उतरत्या फळीला टेकलेला. मोकळं चालणं जवळपास अशक्य. मंचावरच्या नटाला तर भूत दिसतच नाही. जमिनीवरच्या खुणांवरून तलवार चालवायची, पाऊलभर चूक झाली की वार हवेत.

पण खरी मेख आवाजाची. मंचावरचे नट काचेमागे, त्यांचे शब्द दबतात. भूत बोलणार ते खड्ड्यातून, दिसणार भलतीकडे. हॅम्लेटच्या पहिल्या अंकातलं भूत तर खुनाची सगळी हकिकत सांगतं, तिथे शब्दन् शब्द पोचायलाच हवा. माझ्या मते काच मूक भुतांसाठीच: मॅकबेथच्या मेजवानीतलं बँकोचं भूत एक अक्षर बोलत नाही.