फुल टँगपेक्षा मूठ आणि म्यान बघा
वर एकांनी लिहिलंय की बर्फातल्या जंगलात न्यायचा चाकू फुल टँगच हवा (म्हणजे पात्याचं स्टील मुठीच्याच रुंदीचं, थेट तिच्या टोकापर्यंत गेलेलं आणि कडेने उघडं) आणि पातं जेवढं जाड तेवढं बरं. ओंडक्यावर पातं ठेवून दांडक्याने ठोकत लाकूड फोडायचं असेल तर फुल टँग दणकट पडतो हे मान्य, पण फिनलंडचा पुक्को, म्हणजे तिकडचा पारंपरिक छोटा चाकू, बघा ना, तिकडे उत्तरेत हिवाळ्यात उणे ३० पर्यंत जातं आणि तरी पारंपरिक पुक्को फुल टँग नसतोच, पात्याची निमुळती शेपटी मुठीच्या आत बसवलेली असते आणि मूठ बर्चच्या लाकडाची, नाहीतर बर्चच्या सालीचे तुकडे एकावर एक दाबून केलेली. म्हणजे तळहाताला स्टील लागतच नाही. उघडं स्टील त्या थंडीत बोटांतली ऊब भराभर ओढून घेतं, आणि बोटं बधिर झाली की चाकू कितीही भारी असू दे, शेकोटीसाठी साधी ढलपी निघत नाही. मला तर पात्याच्या जाडीपेक्षा हे कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

म्यानाबद्दल इथे कोणीच बोललं नाहीये. पुक्कोचं चामडी म्यान खोल असतं, मूठही बरीचशी आत जाते, त्यामुळे बटण-पट्ट्याची भानगड नाही, जाड हातमोजे घालूनही ओढला की निघतो. फक्त ओलं पातं तसंच आत सारू नका, पाणी गोठलं की चाकू आतच धरला जातो, आधी पुसा. आणि पुक्कोला बोटं अडवणारा गार्ड नसतो, तेव्हा मोजे घालून टोकाने खुपसायचं काम शक्यतो टाळाच, हात पात्यावर घसरतो.