सरकी पेंड आणि कुडचीचं वांगं

जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या पिकांच्या या चर्चेत कुणीतरी लिहिलंय, ‘जीएम अन्न अजून आपल्या ताटात आलेलंच नाही.’ आमच्या बेळगाव भागात म्हशीला सरकी पेंड घालत नाही असं घर दाखवा! बीटी कापसाला (अळी मारणारं जिवाणूचं जनुक घातलेल्या कापसाला) २००२ साली मंजुरी मिळाली, आज देशातला बहुतेक कापूस बीटीच. सरकी त्याचीच, खायचं सरकीचं तेलही त्याचंच.

वांग्याबद्दल मात्र एक गोष्ट इथं कुणी काढली नाही. धारवाड कृषी विद्यापीठानं ज्या स्थानिक वाणांत बीटी जनुक घातलं, त्यांत ‘कुडची लोकल’ होतं. कुडची म्हणजे आपल्या रायबाग तालुक्यातलं. हे वाण परवानगीशिवाय वापरले, अशी तक्रार २०१० मध्ये कर्नाटक जैवविविधता मंडळाकडे झाली. त्याच वर्षी फेब्रुवारीत तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी बीटी वांग्याची लागवड थांबवली. बांगलादेशात बीटी वांगं २०१४ पासून लावतात.

शेंडा पोखरणाऱ्या अळीसाठी आमचे लोक किती फवारण्या मारतात ते बघितलंय, त्यामुळं सरसकट विरोध मला पटत नाही. पण कापसात गुलाबी बोंडअळी बीटीला सरावलीच की! मग वांग्यातली अळी काय गप्प बसणार? आणि वाण कुडचीचं, तर बियाण्यावर हक्क कुणाचा, हे आधी सांगा.