‘पॉवरफुल टी’ का चालत नाही?

जुनी भाषांतरकार: ‘व्याकरणनिष्ठ’ यांनी काल लिहिले की, वाक्य व्याकरणशुद्ध असले म्हणजे ते चांगले इंग्रजी झाले आणि वाक्प्रचार हे केवळ वरचे नक्षीकाम आहे. हे वाचून गप्प बसवेना. ‘पॉवरफुल टी’मध्ये व्याकरणाची एकही चूक नाही, तरीही इंग्रज माणूस ‘स्ट्राँग टी’च म्हणतो, जसे आपण कडक चहा मागतो, बळकट चहा मागत नाही. पॉली आणि सायडर या भाषा-अभ्यासकांनी १९८३ साली हेच कोडे मांडले होते : लग्नाची मागणी घालायला इंग्रजी व्याकरण कितीतरी वाक्ये घडवू देते, पण जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी त्यांतली मोजकीच येतात.

व्याकरणनिष्ठ: या हट्टापायीच आमच्या पिढीने ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ घोकले. त्याचा उपयोग काय झाला, ते सांगा.

मँचेस्टरकर: तुमचे उदाहरण तुमच्यावरच उलटते. येथे तो वाक्प्रचार सर्वांना ठाऊक आहे, पण भिजून आलेला माझा शेजारी ‘इट्स चकिंग इट डाउन’ म्हणतो. माझेच सांगतो. पहिल्या हिवाळ्यात मी घरमालकीणबाईंना ‘शॅल आय क्लोज द लाइट?’ असे विचारले. त्या क्षणभर खिडकीच्या पडद्याकडे पाहत राहिल्या आणि मग ‘ओह, टर्न इट ऑफ, लव्ह’ म्हणाल्या. आपण दिवाही बंद करतो आणि दारही; त्यांना दोहोंसाठी वेगळी क्रियापदे लागतात, आणि हे मला कोणत्याही व्याकरणाने सांगितले नव्हते.

पाटीपेन्सिल: म्हणजे चुकायचे ते नेहमी आपणच! महाविद्यालयात एका प्राध्यापकांनी माझ्या ‘प्रीपोन’वर, म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणे या अर्थाच्या शब्दावर, साऱ्या वर्गाला हसवले, त्यानंतर दोन वर्षे मी इंग्रजीत तोंड उघडले नाही. आज तो शब्द ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. ‘डू द नीडफुल’ तर इंग्रजांनीच आपल्याला दिले. त्यांनी ते टाकले म्हणून आम्हीही टाकायचे का?

जुनी भाषांतरकार: त्या प्राध्यापकांचे वागणे निंद्यच होते. ‘प्रीपोन’ पुण्यातल्या कार्यालयात पूर्णपणे नैसर्गिक आहे. परंतु लंडनच्या एका ग्राहकाला मी तो लिहिला, तेव्हा त्याने ‘पोस्टपोन’ची टंकनचूक समजून बैठक पुढच्या आठवड्यात नेली. ‘ब्रिंग फॉरवर्ड’ लिहिले असते तर माझे काम वाचले असते.

पाटीपेन्सिल: त्याने विचारले का नाही? समजून घेण्याचे ओझे दर वेळी आपल्याच खांद्यावर का?

मँचेस्टरकर: कारण पत्र आपण लिहितो! जखम तुमची खरी आहे, पण तिच्यापायी विद्यार्थ्यांना अर्धे इंग्रजी शिकवू नका.

पाटीपेन्सिल: अर्धे? तीस वर्षे शिकवत आहे. हा शब्द मागे घ्या.

मँचेस्टरकर: घेतला. मुद्दा घेतलेला नाही.

व्याकरणनिष्ठ: ‘नैसर्गिक’ म्हणजे कोणाचे, हेही ठरवा. ब्रिटिश माणूस ‘टेक अ डिसिजन’ सहज म्हणतो, अमेरिकनाला ‘मेक’च हवे असते. ‘पॉवरफुल टी’ मात्र मीही कधी म्हटले नसते, आणि का म्हटले नसते याचे उत्तर माझ्या व्याकरणाच्या वहीत सापडत नाही, एवढे मान्य करतो.