विनामाइक नाटकाचा आग्रह: दोष नटाच्या गळ्याचा की वास्तूचा?

तिसरी घंटा:
"ज्याचा आवाज माइकविना शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचत नाही, त्याने रंगभूमीवर येऊ नये," हे काल येथे आलेले विधान वाचून गप्प बसवले नाही. मूळ आवाजापाठोपाठ साधारण 50 मिलिसेकंदांच्या आत भिंतीवरून परतलेला आवाज कान त्यातच मिसळून घेतो आणि शब्द ठसठशीत होतो. त्यानंतर जोराने परतलेला मात्र पुढच्या अक्षरांवर चढतो. संवादांना सुमारे एक सेकंदाचा निनाद, म्हणजे मूळ आवाज थांबल्यावरही सभागृहात रेंगाळणारा नाद, पुरतो; सिंफनीला, म्हणजे पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या रचनेला, दोनच्या आसपास लागतो. आपण नाटक, स्नेहसंमेलन आणि प्रचारसभा एकाच सभागृहात उरकतो, भिंतींना गुळगुळीत ग्रॅनाइट लावतो आणि खापर नटावर फोडतो.

विंगेतला:
विधान माझे आहे आणि मी त्यावर ठाम आहे. बालगंधर्वांच्या उमेदीच्या काळात माइक नव्हते. मी तालमी घेतो. नवी मुले वाक्याचा शेवटचा शब्द गिळतात, कारण माइक सांभाळून घेईल याची त्यांना खात्री असते. नट डावीकडे उभा आणि आवाज उजवीकडच्या स्पीकरमधून, हे तुम्हाला खटकत नाही का?

शेवटची रांग:
तुमच्या वादात वातानुकूलन यंत्रणा निसटते आहे. आमच्या गावातल्या नाट्यगृहात मी आईला घेऊन गेलो होतो. डोक्यावरच्या जाळीतून हवा अशी सुसाटत होती की हलक्या आवाजातला एकही संवाद तिला कळला नाही. विनंती केल्यावर यंत्रणा बंद झाली. दुसऱ्या अंकात शब्द कळले, पण पदराने वारा घेता घेता ती थकली. हवेचे मार्ग रुंद ठेवले तर हवा संथ वाहते आणि आवाज कमी होतो. पण त्यासाठी छतात जागा सोडावी लागते, आणि ती आराखड्यातच सोडायची असते.

विंगेतला:
एका प्रयोगावरून शास्त्र मांडू नका. कसलेला नट त्या घरघरीवरही मात करतो.

शेवटची रांग:
म्हणजे त्याने कुजबुजायचेच नाही! तुम्ही दिग्दर्शक आहात म्हणून प्रेक्षकाच्या कानांना किंमत नाही, असे समजू नका.

तिसरी घंटा:
आवाज वाढवून निनादाचा गोंधळ मिटत नाही. मूळ आवाज वाढतो तसा निनादही वाढतो. न्यूयॉर्कचे फिलहार्मॉनिक हॉल हे वाद्यवृंदाचे सभागृह 1962 साली उघडले. खुर्च्या वाढवण्यासाठी त्याचा मूळ आराखडा बदलला होता, आणि तेथे जगातले उत्तम वादक असूनही तक्रारी थांबल्या नाहीत. 1976 साली आतला भाग पाडून नव्याने बांधावा लागला. त्या वादकांनाही रियाज कमी पडला, असे म्हणाल का? त्या फेरबांधणीतलेच वास्तुकार फिलिप जॉन्सन आणि ध्वनितज्ज्ञ सिरिल हॅरिस यांनी मुंबईचे टाटा थिएटर केले. 1980 साली उघडलेली ती वास्तू विनामाइक ऐकता यावे या हेतूनेच घडवली आहे.

विंगेतला:
टाटा थिएटरपुरते मान्य करतो, त्याहून एक पाऊलही पुढे नाही. तेवढा पैसा आणि तेवढी आच प्रत्येक नगरपालिकेकडून येणार नाही, आणि तोवर माझी मुले माइकविनाच तालीम करतील.

शेवटची रांग:
जरूर करू द्या. पण पुढचे नाट्यगृह ताब्यात घेण्यापूर्वी यंत्रणा पूर्ण वेगाने चालू ठेवून शेवटच्या रांगेतला गोंगाट मोजायचा आणि तो ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला तर कंत्राटदाराचे देयक अडवायचे, ही अट निविदेत घालण्यासाठी आम्ही निवेदन देणार आहोत. त्यावर तुमची सही हवी.

विंगेतला:
सही करतो. विधान मागे घेत नाही.