'कनात' मराठीत आणायची कशी?

वेलांटी: इराणच्या वाळवंटी पठारावरच्या प्राचीन वस्त्यांबद्दलचा मजकूर मराठीत आणतेय. त्यात पदोपदी 'कनात' येते, म्हणजे डोंगरपायथ्याचं भूजल नुसत्या उतारावर मैलोगणती आणणारं भुयार. तशीच ठेवली तर 'यझ्दच्या लोकांनी कनाती खोदल्या' असं होतं आणि वाचकाला तंबू दिसतो. संपादकांनी 'भूजलवाहिनी' सुचवलंय.

पाटकरी: वाहिनी म्हटलं की महापालिकेचा पाइप आठवतो. तंबूची कनात तुर्कीतली, मूळ अर्थ पंख. पाण्याची अरबीतली, मूळ अर्थ बोरू, पोकळ नळी. दोघींचं नातं नाही. सरळ 'नहर' लिहा, छत्रपती संभाजीनगरची जुनी नहर-ए-अंबरी आपल्याकडे आहेच की.

जुनाखडू: नहर उघडीही असते. इथे भुयार हाच मुद्दा आहे. यझ्दला वर्षाकाठी पाऊस जेमतेम 50-60 मिमी, उघडा पाट उन्हात आटून जाईल. पाणी मिळतं ते शीरकूहसारख्या डोंगरांवरचं, पायथ्याच्या दगडगोट्यांत मुरलेलं. म्हणून पहिली विहीर, 'मादर चाह', तिथे. तिला पाणी लागलं की पातळी धरून गावाकडचं तोंड ठरवतात आणि भुयार त्या तोंडापासून वर डोंगराकडे खोदत नेतात, म्हणजे लागलेलं पाणी मागे वाहून जातं, खोदणारा बुडत नाही. उतार साधारण हजारास एक. जास्त दिला तर पाणी तळ खरवडतं आणि छत बसतं, कमी दिला तर गाळ धरतो. माती भुसभुशीत लागली तर आत भाजक्या मातीची लंबगोल कडी बसवतात. ठरावीक अंतरावर उभ्या विहिरी, माती उपसायला आणि हवेसाठी. उपसलेली माती तोंडाभोवतीच कड्यासारखी रचायची, नाहीतर अवचित लोंढा आत शिरून सगळं बुजवतो.

कोरडवाहू: या विहिरींना 'उच्छ्वास' म्हणा! पुण्याच्या पेशवेकालीन कात्रजच्या नळावरच्या हवेच्या बुरुजांचा तयार शब्द आहे.

जुनाखडू: कात्रजचं पाणी तलावाचं, तिथले उच्छ्वास जमिनीवर उभे. शब्द गोड आहे, वस्तू वेगळी.

कोरडवाहू: वस्तू शंभर टक्के जुळायला हवी तर मराठीत बोलूच नये मग. 'कारेझ' तरी चालेल का? बीदरला अशाच भुयाराला हा शब्द चालतो.

पाटकरी: अरबी घालवून फारसी आणलीत! 'भुयारी पाट' म्हणा, शेतकऱ्यालाही कळेल.

वेलांटी: भुयारी पाट बरा वाटतोय. पण पुढे वस्तीची रचना आहे. पाणी जिथे उघड्यावर येतं, तिथे सधन घरं. मग खालची घरं, बागा, शेवटी शेतं. त्या जागेला फारसीत 'मझहर'. 'मुख' लिहू?

जुनाखडू: मुख चालेल. आणि ग्रीक इतिहासकार पॉलिबियसचा उल्लेख गाळू नका: कोरड्या जमिनीवर पाणी आणणाऱ्याला इराणच्या राजांनी पाच पिढ्या जमीन कसायला दिली, असं तो लिहितो. एवढा खर्च लोक का करत, ते त्यावरून कळतं.

वेलांटी: पाणीवाटपाला भोकाची तांब्याची वाटी पाण्यावर सोडत, बुडली की एक हिस्सा. तिला?

पाटकरी: घटिकापात्र. हुबेहूब.

जुनाखडू: मुळीच नाही. घटिका म्हणजे 24 मिनिटं, ठरलेली. तिकडची वाटी गावागणिक वेगळी.

पाटकरी: आपल्याकडे शेरही गावागणिक वेगळा होता, म्हणून त्याला शेर म्हणणं सोडलं का कुणी?

कोरडवाहू: 'वाटी' काय वाईट आहे?