सवलतीतला जुना सर्क्युलर सॉ आत्ता घ्यावा, की नव्या मॉडेलसाठी दिवाळीपर्यंत थांबावे?

कौलारू (देवगड)

आमच्या घराच्या पडवीचे छप्पर यंदा मृगापूर्वी उतरवून नव्याने बांधायचे आहे. रिपा (कौले ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) जवळजवळ सगळ्याच बदलाव्या लागणार आहेत, आणि वाशांपैकी भिंतीवर टेकलेल्या टोकाशी कुजलेले तेवढे बदलायचे आहेत. लाकूड घरचेच, किंजळ आणि फणस, चिरून वाळवून ठेवलेले आहे. यापुढे गोठ्याचे छप्पर, गणपतीची माटवी (मूर्तीवर टांगायची लाकडी चौकट) आणि आंब्याच्या हंगामासाठी मांडण्या अशी कामे दरवर्षी निघणार असल्यामुळे स्वतःचा सर्क्युलर सॉ, म्हणजे गोल पात्याची विजेवरची करवत, घ्यायचे ठरवले आहे.

रत्नागिरीच्या एका दुकानात १८४ मिलिमीटर पात्याचा, १४०० वॅटचा, वायरवर चालणारा सॉ ९,८०० ऐवजी ६,९०० रुपयांना मिळतो आहे. हे मॉडेल बंद होत असून त्याची जागा घेणारे मॉडेल पावसाळ्यानंतर, बहुधा दिवाळीच्या सुमारास येईल, असे दुकानदाराने स्वतःहून सांगितले. नव्यात मोटर तेवढ्याच ताकदीची असेल, मात्र स्विच सोडताच पाते थांबवणारा ब्रेक, हळू वेग घेणारी सुरुवात आणि भुसा ओढून घेण्यासाठी नळीचे तोंड, या तीन गोष्टी वाढतील.

माझा कल आत्ताच घेण्याकडे आहे. नवे मॉडेल आले की ते पूर्ण किमतीला येईल, त्यावर सवलत मिळायला आणखी एखादा सण जावा लागेल आणि तोवर पडवीवर एक पावसाळा होऊन गेलेला असेल. ज्यांचे मत वेगळे आहे त्यांनी ते कारणांसह मांडावे, अशी विनंती आहे.

सागवान (मालवण)

माझे मत स्पष्टपणे विरुद्ध आहे. मी सुतारकाम करतो आणि आपण ज्या तीन गोष्टी एका ओळीत मांडल्या आहेत त्यांची योग्यता सारखी नाही. हळू सुरुवात ही सोय आहे, भुशाची नळी छपराच्या कामात कोणी लावत नाही, पण ब्रेक ही मशीनमधली फार महत्त्वाची गोष्ट आहे. ब्रेक नसलेल्या सॉचे पाते स्विच सोडल्यावरही काही सेकंद फिरत राहते आणि या सेकंदांतच माणसाचे लक्ष कापावरून उठून पुढच्या खुणेकडे गेलेले असते. त्या वेळी खालचा गार्ड, म्हणजे पाते झाकणारे स्प्रिंगचे आवरण, पात्यावर परत आलेला नसेल तर मशीन जिथे टेकवाल तिथे ते कापते, मग ते लाकूड असो की मांडी.

मशीन झटक्याने मागे फेकले जाण्याचा धोका ब्रेकने जात नाही, हेही सांगायला हवे. तो झटका स्विच चालू असताना बसतो आणि त्याला उपाय म्हणजे धारदार पाते, सरळ रेषेत पुढे जाणे आणि कापलेला तुकडा खाली मोकळा पडेल असा आधार देणे. परंतु कापून झाल्यानंतर होणारे अपघात ब्रेक टाळतो आणि तीन हजारांच्या सवलतीसाठी ते संरक्षण सोडून द्यावे असे मला वाटत नाही. यंदाचे काम भाड्याच्या मशीनवर करून घ्या आणि स्वतःचे मशीन दिवाळीला घ्या.

कार्बन आणि बेअरिंग (कुडाळ)

मी विजेवर चालणारी हत्यारे दुरुस्त करतो, म्हणून दुसरी बाजू मांडतो. आमच्याकडे येणाऱ्या सॉमध्ये चारच प्रकारचे बिघाड वारंवार दिसतात: कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे) झिजलेले, स्विच जळालेला, बेअरिंग गंजून घरघरणारे आणि आर्मेचर (मोटरचा फिरणारा, तारा गुंडाळलेला भाग) जळालेले. हे चारही भाग मिळाले की मशीन पुन्हा उभे राहते. नव्या मॉडेलमधील हळू सुरुवातीसाठी आत एक इलेक्ट्रॉनिक पट्टी असते आणि ती बहुतेक वेळा राळेत बुडवून बंद केलेली असल्यामुळे दुरुस्त होत नाही, अख्खी बदलावी लागते. आपल्या खाऱ्या हवेत तिच्या जोडांवर हिरवट थर धरतो आणि नवीन मॉडेलची पट्टी कुडाळ-सावंतवाडीकडे लगेच मिळेल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

ब्रेकविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवा. वायरवरच्या मशीनमध्ये स्विच सोडताच मोटरच्या वायंडिंगची जोडणी बदलून मोटरच स्वतःला अडवते. त्या क्षणी कार्बनवर ठिणग्या पडतात आणि कार्बन लवकर झिजतात. ब्रेक नको असे मी म्हणत नाही, पण त्याचा हा खर्च कोणी सांगत नाही.

खरा शत्रू आहे विजेचा कमी दाब, म्हणजे कमी व्होल्टेज. १४०० वॅटचे मशीन २३० व्होल्टवर पूर्ण भाराने सहा अँपिअर घेते. घरापासून ३० मीटरवर ०.७५ चौरस मिलिमीटरची बारीक वायर ओढून ते चालवले, तर केवळ वायरमध्येच सुमारे ९ व्होल्ट जातात आणि संध्याकाळी गावात मुळातच दाब उतरलेला असतो. पाते मंदावते, माणूस जोर लावतो आणि आर्मेचर तापते. त्यामुळे सवलतीत वाचलेल्या पैशांतून २.५ चौरस मिलिमीटरची चांगली वायर घ्या, नुकसान तीन व्होल्टच्या आत राहील. मशीन जुने असो वा नवे, ते जगवते ती वायर. माझा सल्ला: आत्ता घ्या.

किनारपट्टी (गुहागर)

कुडाळच्या मित्रांनी सुटे भाग मिळण्याचा मुद्दा जुन्या मॉडेलच्या बाजूने वापरला आहे, तो मला उलटा दिसतो. जे मॉडेल बंद होत आहे त्याचे भाग आज मुबलक आहेत, पण पाच वर्षांनी काय? आणि हे मशीन त्या दुकानात केव्हापासून पडून आहे, हे कोणी विचारलेलेच नाही. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेले असते, ते आधी वाचा. समुद्राजवळच्या दुकानात दोन पावसाळे काढलेल्या मशीनचे ग्रीस घट्ट झालेले असू शकते आणि पात्याच्या दांड्यावर गंजाचे ठिपके दिसू शकतात. सवलत देणारा आपल्या मालाचे वय ओळखून सवलत देतो. एवढे पाहूनही मशीन स्वच्छ निघाले तरी मी थांबेन, कारण हत्यार दहा-पंधरा वर्षांसाठी घ्यायचे असते आणि एका हंगामाची घाई त्याला लावू नये.

कार्बन आणि बेअरिंग (कुडाळ)

उत्पादनाचा महिना पाहण्याची सूचना योग्य आहे, ती मी आधी लिहायला हवी होती असे कोणी म्हटले तर हरकत नाही. मात्र पाच वर्षांनंतरच्या भागांचा अंदाज बांधत बसण्याचे कारण नाही. कंपन्या प्रत्येक मॉडेलच्या भागांची आकृती आणि क्रमांक प्रसिद्ध करतात. नव्या मॉडेलची आकृती आली की आर्मेचर, फिल्ड (मोटरचे स्थिर वायंडिंग) आणि बेअरिंगचे क्रमांक जुन्याशी ताडून पाहता येतात. मोटर तीच ठेवून वरचे आवरण आणि स्विच बदलणे ही मॉडेल बदलण्याची नेहमीची रीत आहे आणि तसे असेल तर जुन्या मशीनचे भाग नव्याच्या आयुष्यभर मिळत राहतील. बेअरिंग तर कोणत्याही बेअरिंगच्या दुकानात क्रमांक सांगून मिळते.

दिवेआगरचा किनारा (श्रीवर्धन)

आपण सगळे वायरच्याच मशीनविषयी का बोलत आहोत? ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा आमच्याकडे छपरे उडाली होती, पोफळी-माड आडवे झाले होते आणि कित्येक गावांत कित्येक आठवडे वीज नव्हती. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आले. सॉची सर्वांत जास्त गरज होती तेव्हा वायरचे मशीन कोपऱ्यात पडून होते. थांबायचेच असेल तर बॅटरीच्या मशीनसाठी थांबा, एवढेच सुचवतो.

सागवान (मालवण)

वादळानंतर वीज नसते हे खरे, पण वाशाच्या कामाला बॅटरीचे लहान मशीन कमी पडते. त्यात बहुधा १६५ मिलिमीटरचे पाते असते आणि ते साधारण ५५ ते ५७ मिलिमीटर खोल जाते. अडीच इंची वासा म्हणजे जवळपास ६४ मिलिमीटर. १८४ चे पाते तो एका कापात पार करते, १६५ च्या पात्याला वासा उलटवून दुसऱ्या बाजूने कापावे लागते आणि दोन काप तंतोतंत जुळत नाहीत. शिवाय १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे ९० वॅट-तास. १४०० वॅटने सतत ओढले तर ती चार मिनिटेही पुरणार नाही. सतत कोणी कापत नाही हे मान्य, तरी वाळलेल्या किंजळीला दोन बॅटऱ्या धरूनच हिशेब करावा लागेल, आणि बॅटरी न वापरताही म्हातारी होते.

कौलारू (देवगड)

सर्वांनी मनापासून लिहिले त्याबद्दल आभारी आहे. बॅटरीचा विचार मी बाजूला ठेवतो, कारण खर्च माझ्या आवाक्याबाहेर जातो.

सागवान यांचा मुद्दा सर्वांत वजनदार आहे आणि मी तो टाळणार नाही. परंतु भाड्याच्या मशीनचा पर्याय सुरक्षित आहे हे त्यांनी गृहीत धरले आहे. आमच्या भागात भाड्याने किंवा उसने मिळणारे मशीन पाहायला गेलो, तेव्हा त्याचा खालचा गार्ड तांब्याच्या तारेने वर बांधून ठेवलेला होता. तिरपा काप घेताना तो अडतो म्हणून बांधला, असे सांगण्यात आले. पाते लाकडाच्या रंगाचे काळपट झालेले, दोन दातांची टोके उडालेली, आणि वायर प्लगपाशी चिकटपट्टीने गुंडाळलेली. ब्रेक नसलेले, पण गार्ड नीट चालणारे आणि नवे पाते लावलेले माझे स्वतःचे मशीन त्याहून निश्चित सुरक्षित असेल. म्हणजे माझ्यापुढची निवड जुन्या आणि नव्या मॉडेलमधली नाही, ती नव्याकोऱ्या जुन्या मॉडेलमधली आणि त्या तार बांधलेल्या मशीनमधली आहे.

थांबण्याची किंमतही मोजायला हवी. पडवीची भिंत मातीची आहे. रिपा खचून कौले सरकली आहेत आणि गेल्या पावसात पाणी भिंतीच्या माथ्यावर उतरले. हाताच्या करवतीने हे काम होईल, पण सुताराची मजुरी तेवढ्या दिवसांनी वाढेल आणि सवलतीची रक्कम त्यातच संपेल. कामाच्या बाबतीत म्हणाल, तर सगळे कापणे खाली अंगणात, लाकूड ठेवायच्या लाकडी घोड्यांवर होईल. वाचलेल्या पैशांतून वाशांसाठी २४ दातांचे, प्लायसाठी ४० दातांचे अशी कार्बाइडची दोन पाती आणि कुडाळच्या मित्रांनी सांगितलेली जाड वायर घेईन.

किनारपट्टी (गुहागर)

मातीची भिंत आहे हे आधी कळले असते तर मी थांबा म्हटले नसते. माझा आक्षेप आता फक्त उत्पादनाच्या महिन्यापुरता उरतो. मशीन दोन वर्षांपेक्षा जुने असेल तर आणखी किंमत कमी करून मागा आणि हमीची मुदत बिलाच्या तारखेपासून धरली जाईल असे बिलावरच लिहून घ्या.

सागवान (मालवण)

तार बांधलेला गार्ड मी अनेक ठिकाणी पाहिला आहे आणि माझ्या मते तोच ब्रेकच्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा आहे. गार्ड माणूस बांधून ठेवू शकतो. ब्रेक कोणाला बांधून ठेवता येत नाही. हे मशीन पुढची दहा वर्षे तुमच्या घरी राहील, तुमच्यानंतर ते घरातले दुसरे कोणी, कामाला आलेला गडी, शेजारी, कोणीही हातात घेईल आणि त्यातला एखादा घाईत तार शोधेल.

सगळे कापणे अंगणात होईल हेही मला पटत नाही. वासे चढवून ठोकले की पागोळीच्या बाजूची टोके पुढे-मागे राहतात. ती सूत मारून वरच, जागेवर, एका रेषेत कापली जातात. ते काप निदान या वर्षी हाताच्या करवतीने घ्या, सुताराला तसे आधीच सांगा.

घ्यायचेच ठरवले असेल, तर दुकानात प्लग काढून मशीन हातात घ्या. गार्ड बोटाने पूर्ण मागे ओढून सोडा. तो खट्कन परत आला पाहिजे. मशीन डाव्या कुशीवर, उजव्या कुशीवर आणि पाते वर करून तीच कृती करा, कारण सरळ धरल्यावर गार्ड वजनानेही पडतो, स्प्रिंगची परीक्षा आडवे धरल्यावरच होते. पाते धरून पुढे-मागे ढकलून पाहा, दांडा हलता कामा नये. तळपट्टी सपाट काचेवर ठेवा, चारही कोपरे टेकले पाहिजेत. त्यानंतर प्लग लावा, मशीन पूर्ण वेगाला येऊ द्या, स्विच सोडा आणि पाते पूर्ण थांबेपर्यंत ते दोन्ही हातांत धरून उभे राहा. तो वेळ तुम्हाला किती वाटतो, त्यावर पैसे द्यायचे की नाही ते ठरवा.