डीव्हीआर फॉरमॅट केलाय, चोरीच्या रात्रीचं फुटेज परत मिळंल का?

मोंढा_लातूर:
नमस्कार मंडळी, जरा अर्जंट आहे. लातूरच्या मोंढ्यात आमच्या काकांची आडत आहे, परवा रात्री गोदामातून सोयाबीनचे कट्टे गेले. कुलूप जागेवर, शटर नीट, म्हणजे चावी असणाऱ्या कुणाचं तरी काम आहे असं काकाला वाटायलंय. कॅमेरे चार हायेत पण डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा) लावून बघितला तर जुनं काहीच नाही, लॉगमधी पहाटे हार्डडिस्क फॉरमॅट केल्याची नोंद दिसायलीय आणि तिथून पुढं नवीन रेकॉर्डिंग चालूच आहे. गुन्हा दाखल झालाय, पण डीव्हीआर अजून कुणी नेला नाही. गल्लीतला कॅमेरेवाला म्हणायलाय डिस्क माझ्याकडं द्या, सॉफ्टवेअर लावून सगळं काढून देतो. आणखी एक, काट्याच्या पावत्यांचे फोटो मोबाईलच्या मेमरी कार्डात होते, ते पण कुणीतरी उडवलेत. डिस्क देऊ का त्याच्याकडं? आणि असलं काढलेलं कोर्टात चालतं का?

गोदाकाठ:
नका देऊ भाऊ. आधी तपास अधिकाऱ्याला फोन लावा आणि डीव्हीआर बंद करायचं त्यांना सांगा, चालू ठेवला तर जुन्यावर नवीन लिहीत बसतो तो. बंद करायच्या आधी स्क्रीनवरची वेळ आणि मोबाईलवरची वेळ एकाच फोटोत येईल असा फोटो काढा, त्या लॉगचा पण काढा.

डिस्कवाला_संभाजीनगर:
वरच्या भावाचं एकदम बरोबर आहे, थोडं सविस्तर सांगतो कारण घाई कशाची आहे ते कळायला पाहिजे. साधारण फॉरमॅटमधी व्हिडिओ पुसला जात नाही, कुठल्या कॅमेऱ्याचं कुठल्या वेळेचं रेकॉर्डिंग डिस्कवर कुठं आहे ती यादी तेवढी जाते. सातबारा फाडला म्हणून जमीन जात नाही, तसं. पण ती जागा आता रिकामी धरली जाते आणि डीव्हीआर तिथंच परत लिहायला लागतो. चार कॅमेरे प्रत्येकी २ एमबीपीएसवर धरले तर सेकंदाला १ एमबी, म्हणजे दिवसाला ८६ जीबीच्या आसपास. डिस्क १ टीबीची असली तर दोन दिवसात १७० जीबी गेलं समजा, बाकीचं अजून जागेवर असायची शक्यता चांगली आहे, फक्त ती रात्र नेमकी कुठल्या भागात होती त्याच्यावर सगळं आहे. जे वरून लिहिलं गेलं ते गेलंच, ते कुणीच काढून देत नाही, कुणी शंभर टक्के देतो म्हणला तर विश्वास ठेवू नका.

आता कॅमेरेवाल्याकडं का नाही. बऱ्याच डीव्हीआरची फाईल सिस्टीम कंपनीची स्वतःची असते, विंडोजला ती वाचता येत नाही. डिस्क साध्या पीसीला जोडली की विंडोज विचारतं, डिस्क इनिशियलाइज करायची का, फॉरमॅट करायची का, आणि समोरच्यानं ओके दाबलं की डिस्कवर नवीन लिहिलं गेलं. म्हणून आम्ही मधी राइट ब्लॉकर लावतो, त्याच्यातून वाचता येतं, लिहिता येत नाही. मग सेक्टर टू सेक्टर इमेज, म्हणजे रिकाम्या दिसणाऱ्या जागेसकट सगळ्या डिस्कची हुबेहूब नक्कल काढायची, मूळ डिस्क सील, आणि सगळं काम इमेजच्या कॉपीवर. यादी नसली तरी एच.२६४ (व्हिडिओ दाबून साठवायची पद्धत) च्या तुकड्यांची सुरुवात ओळखता येते, त्याच्यावरून फ्रेम शोधून व्हिडिओ जुळवतात, ह्याला कार्व्हिंग म्हणतात. डिस्कमधून टकटक आवाज येत असंल तर चालूच करू नका. खराब सेक्टर असले तर डीडीरेस्क्यूसारखं टूल आधी चांगला भाग वाचून घेतं आणि अवघड भागाकडं नंतर वळतं, साधी कॉपी तिथंच अडकून डिस्कचा जीव घेते.

कार्डाचं त्यामानानं सोपं आहे. एफएटी३२ (कार्डावर फाईली मांडायची एक नेहमीची पद्धत) कार्डावर फाईल डिलीट केली की नावाचं पहिलं अक्षर बदलतं आणि जागा मोकळी दाखवतात, फोटो तिथंच असतो. जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ डी८ आणि शेवट एफएफ डी९ ह्या ठरलेल्या कोडनं होते, फोटोरेकसारखं टूल अशाच खुणा बघून फोटो उचलतं. फोटो तुकड्यातुकड्यात साठवलेला असला तर अर्धा करडा निघतो, पावतीचा नेमका आकडा त्याच अर्ध्यात असंल तर उपयोग नाही. कार्ड आत्ताच्या आत्ता मोबाईलमधून काढून ठेवा.

परभणीकर_७:
एक भर घालतो, ते कार्ड फोननं इंटरनल स्टोरेज म्हणून घेतलेलं असंल तर ते एन्क्रिप्टेड, म्हणजे सांकेतिक कुलूप लावलेलं असतं आणि चावी त्या फोनातच असते, म्हणून फोन पण सोबत द्या, रीसेट तर अजिबात मारू नका. आणि फोटो फोनच्या आतल्या मेमरीत असतील तर जास्त आशा धरू नका, अँड्रॉइड १० पासून पुढच्या फोनात फाईलनिहाय एन्क्रिप्शन असतं, डिलीट झालेलं परत मिळणं लई अवघड. एसएसडीचं (चिपवाली डिस्क) पण तसंच, ट्रिम नावाची सोय चालू असली की मोकळा भाग आतल्या आतच साफ होतो. गुगल फोटो आणि व्हॉट्सअपला पाठवलेल्या पावत्या तेवढ्या बघा.

वकील_जालना:
कोर्टात चालतं का ह्याचं उत्तर आमच्या जालन्यातच आहे. २०१४ च्या विधानसभेला इथं २९६ मतांनी निकाल लागला, उमेदवारी अर्ज दुपारी ३ च्या आत दिला का नंतर यावर केस झाली आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या ऑफिसातलं चित्रीकरण. सीडी मिळाल्या, पण अशा कॉपीसोबत कायद्यानं लागणारं प्रमाणपत्र मागून मागून मिळालं नाही. औरंगाबाद खंडपीठानं २०१७ ला निवडणूक रद्द केली, प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास कुशनराव गोरंट्याल, १४ जुलै २०२०. कोर्टानं सांगितलं की कॉपी दाखल करायची तर जुन्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५ब चं प्रमाणपत्र लागणारच, मूळ यंत्रच मालकानं साक्षीला येऊन हजर केलं तर गरज नाही, आणि पक्षकारानं सगळे प्रयत्न करूनही समोरचा प्रमाणपत्र देत नसंल तर त्याला अडवायचं नाही.

१ जुलै २०२४ पासून ते कलम भारतीय साक्ष्य अधिनियमात ६३ झालंय. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाईलवरून गणित करून काढलेला तिचा ठसा, लिहावी लागते. एसएचए-२५६ पद्धतीनं ती काढली की ६४ अक्षरांचा आकडा येतो, फाईलमधला एक बिट जरी हलला तरी सगळा आकडा बदलतो. म्हणून म्हणतो, डिस्क आधी गल्लीत फिरून आली की आरोपीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो, हात कुणाकुणाचे लागले? फुटेजमधी चोर स्पष्ट दिसत असला तरी मग तुमचीच धावपळ होते. काकांकडून पोलिसांना लेखी अर्ज द्या की डीव्हीआर आणि कार्ड पंचनाम्यात जप्त करून न्यायसहाय्यक प्रयोगशाळेकडं पाठवावं, पोच घ्या. वेळ लागतो तिथं, ते खरं आहे, पण पुरावा टिकतो.

मोंढा_लातूर:
सगळ्यांचे लई उपकार. आत्ता पोलीस येऊन गेले, पंचासमोर बंद करून डीव्हीआर नेला, कार्ड आणि फोन पण दिला. डीव्हीआरचं घड्याळ २३ मिनिटं मागं होतं, फोटो काढलाय.

वकील_जालना:
तो २३ मिनिटांचा फरक आणि हार्डडिस्कचा सिरीयल नंबर पंचनाम्यात लिहिलाय का बघा, नसंल तर आजच पुरवणी घ्यायला सांगा.

गोदाकाठ:
आणि समोरच्या, बाजूच्या दुकानांचे कॅमेरे रस्त्यावर असतील ना? त्यांचं पण रेकॉर्डिंग काही दिवसांनी आपोआप वरून लिहिलं जातं. पोलिसांना सांगून आजच ते ताब्यात घ्यायला लावा, नुसतं व्हॉट्सअपवर मागवू नका, तिथं क्लिप परत कॉम्प्रेस होऊन येते.